लालमहंमद मिस्त्री आणि शहाण्णव अंश

आमच्या निघोज्यात लालमहंमद मिस्त्रींइतका भित्रा माणूस दुसरा नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगत आलेय. माझी पिठाची गिरणी आणि त्यांचं गॅरेज यांच्यात एकच भिंत. तिकडे इंजिन सुरू झालं की इकडे माझ्या डब्यांची झाकणं वाजतात. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांचं तोंड कमी आणि गाडीखालून बाहेर आलेले पायच जास्त पाहिलेत. माणूस लाखात एक. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. फक्त भीतीने पार पोखरलेला.

भीती कसली, तर उष्णतेची. चोराची नाही, पोलिसाची नाही, माझ्या जिभेची तर मुळीच नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिन किती तापलंय ते दाखवणारा एक छोटासा काटा असतो ना, त्या काट्यात या माणसाचा जीव अडकलेला. चाकणहून माल घेऊन आलेला टेम्पो दारात थांबला की ड्रायव्हरशी बोलायच्या आधी हे खिडकीतून डोकं आत घालणार आणि काटा बघणार. काटा अर्ध्याच्या वर दिसला की संपलंच. "ही गाडी आता हलायची न्हाई," म्हणून सरळ चावी खिशात. ड्रायव्हर बोंबलतो, कंपनीच्या गेटवर नंबर जाईल म्हणून पाया पडतो, पण मिस्त्री बोनेट उघडून बसलेले. माझा नवरा रंगराव त्यांना चिडवतो, "मिस्त्री, घरात कुणाला ताप आला तर तुम्ही आधी त्याच्या रेडिएटरमधलं पाणी बघाल." ते हसतात. पण हसताना नजर पुन्हा त्या टेम्पोकडेच.

याच्यामागे एक गोष्ट आहे. तरुणपणी ते स्वतः टेम्पो चालवायचे, चाकणच्या बाजारातला कांदा पोचवायचे. एकदा खेडच्या घाटात काटा लाल पट्टीत गेला. मालकाने उशीर करू नको म्हणून बजावलेलं, तेव्हा यांनी गाडी तशीच दामटली. इंजिन आधी जीव खाऊन ओरडलं आणि मग एकदम गप्प झालं. आतल्या लोखंडाला लोखंड चिकटलं. चढावर भरलेला टेम्पो मागे घरंगळायला लागला, आणि मागे होती एसटी, माणसांनी गच्च. कसाबसा ब्रेक लागला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण एसटीच्या पुढच्या काचेमागे एक बाई तान्ह्या पोराला छातीशी धरून उभी होती, तिचं तोंड यांनी आरशात पाहिलं. त्या दिवसापासून स्टिअरिंग सोडलं आणि हातात पाना घेतला.

हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, पण एक वाक्य मात्र ते दर चार दिवसांनी कुणाला ना कुणाला ऐकवतात. "गरम इंजिन वरडतंय तवर भ्यायचं न्हाई. वरडतंय म्हंजे जित्तं हाय. गप्प झालं की समजायचं, मेलं."

तर अशा माणसाच्या घरात एक लॅपटॉप आला.

यास्मिन ही त्यांची एकुलती एक मुलगी. कॉम्प्युटरचा कोर्स पूर्ण केलेली, पण सध्या चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर वायरिंगच्या लाइनीवर उभी राहणारी. शिफ्ट संपवून येते तेव्हा पावलं सुजलेली असतात. तिची आई झुलेखा मिठाच्या गरम पाण्यात तिचे पाय बुडवून ठेवते आणि मिस्त्री समोर बसून त्या पायांकडे बघत राहतात. त्या पोरीने माणच्या एका आयटी कंपनीत अर्ज केला आणि पहिल्या फेरीत तिची निवड झाली. आता राहिली होती एकच परीक्षा, घरी बसून लॅपटॉपवर द्यायची. त्यात पास झाली की बसून करायची नोकरी. पण नियम असे की ऐकूनच माझं डोकं फिरलं. कॅमेरा चालू ठेवायचा, जागेवरून उठायचं नाही, खोलीत दुसरं माणूस नको, आणि परीक्षा मध्येच तुटली तर ती संपली असं समजायचं. पुन्हा संधी एक वर्षाने. वर्षभर आणखी त्या लाइनीवर उभं राहायचं, तेही कंत्राट टिकलं तर.

लॅपटॉप तिने जुना घेतलेला. सरावाची परीक्षा देताना तो एकदा फटकन बंद पडला. वरची खोली पत्र्याची, दिवस उन्हाळ्याचे. यास्मिनच्या लक्षात आलं की तो तापतोय. म्हणून तिने त्यात एक छोटा प्रोग्रॅम टाकला. लॅपटॉपचं सगळं डोकं ज्यात असतं तो प्रोसेसर किती तापलाय, तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात सतत दिसत राहायचा. पोरीने केलं ते शहाणपणाचंच, पण त्याने बापाची झोप उडाली.

त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो आकडा शहाण्णव. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या गिरणीत आले ते पांढरेफटक पडून. मला वाटलं झुलेखाला काही झालं.

"वैनी, शहाण्णव," ते म्हणाले.

"काय शहाण्णव?"

"पोरीच्या लॅपटापात. पाणी शंभराला उकळतंय. आन ती मांडीवर घिऊन बसती त्ये."

मी यास्मिनलाच बोलावून घेतलं. तिने दोघांना समोर बसवून सांगितलं, शाळेतल्या पोरांना सांगावं तसं. प्रोसेसर म्हणजे नखाएवढी चकती. काही काम नसेल तर चाळीस-पन्नास अंशांवर असते, जड काम आलं की नव्वदीच्या घरात जाते, आणि तिला बनवलंय तेच तेवढं सोसायला. शंभरच्या आसपास पोचली की स्वतःच आपला वेग कमी करते. त्याच्याही वर गेली तरच जीव वाचवायला बंद पडते. "नुसता आकडा बघायचा नाही, अब्बा. तेव्हा ती काय काम करतेय तेही बघायचं. शहाण्णव चांगलं नाही, पण शहाण्णव म्हणजे आगही नाही."

मला पटलं. मिस्त्रींनी मान डोलावली, आणि मी ओळखलं की यांच्या डोक्यात काही शिरलेलं नाही.

कारण त्यांना आकड्यापेक्षा जास्त भीती वाटली ती त्याच्या उड्यांची. संध्याकाळी यास्मिन सरावाला बसली की ते तिच्यामागे स्टूल टाकून बसायचे आणि डोळ्याचं पातं न लववता कोपऱ्यातला आकडा बघायचे. बावन्न. चोपन्न. तिने काहीतरी उघडलं की एका दमात एक्क्याऐंशी. मग नव्वद. मग पुन्हा साठ. इंजिन असं कधी तापत नाही. त्याचा काटा म्हातारीसारखा हळूहळू वर चढतो. आणि इंजिनचा काटा जेव्हा अशा उड्या मारतो तेव्हा कुठल्याही मिस्त्रीला एकच गोष्ट कळते, की आतलं पाणी संपलंय. यास्मिनने यावरही सांगून पाहिलं. "तुमच्या इंजिनात किती लिटर पाणी असतं, ते तापायला वेळ लागतो. इथे पाणीच नाही. नखाएवढा तुकडा, क्षणात तापणार, क्षणात निवणार." पण ज्याने चाळीस वर्षं काट्याची एकच भाषा वाचली, त्याला ही दुसरी कशी वाचता यावी? त्यांनी त्यातला 'पाणीच नाही' एवढाच भाग उचलला.

यास्मिन शिफ्टला गेलेली असताना त्यांनी मोबाईलवर कसलासा व्हिडिओ बघून लॅपटॉप खोलला. मला हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. गॅरेजच्या टेबलावर स्वच्छ फडकं अंथरून, ते बारके स्क्रू बशीत ओळीने मांडून, त्यांनी पंखा आणि तांब्याची नळी वर काढली. खाली त्या चकतीवर पांढरा थर होता, वाळून भेगा पडलेला, खरवडला की भुकटी होणारा. आता यात गंमत अशी की माणूस अर्धा बरोबर होता. चकतीची उष्णता तांब्यात जावी म्हणून मध्ये एक लेप असतो, आणि तो खरंच सुकला होता. पण त्याच्या जागी काय घालायचं, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. दोन धातूंच्या मध्ये काय घालतात ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डबा उघडला आणि चाकाच्या बेअरिंगला लावतात ते ग्रीस बोटाने चोपडलं.

संध्याकाळी आकडा सत्तरच्या पुढे गेला नाही.

यास्मिन चकित झाली, आणि हे गप्प. मला मात्र सांगितल्यावाचून त्यांना राहवलं नाही. दोन-तीन दिवसांनी गिरणीच्या दारात उभं राहून म्हणाले, "ग्रीस लावलं, वैनी. आता बगा, बासट्ट, पासट्ट. कसं गार चाललंय." मी म्हटलं, पोरीला सांगितलंत का? तर मान हलवली. परीक्षा झाल्यावर सांगीन म्हणाले. मी म्हटलं, आजच सांगा, तिची वस्तू आहे, तिच्या नोकरीचा प्रश्न आहे, तुमच्या टेम्पोचं चाक नाही ते. त्यावर ते असे हसले की मी विषयच सोडला. कित्येक वर्षांत या माणसाला मी घाबरल्याशिवाय हसताना पाहिलं नव्हतं.

ते सुख परीक्षेच्या सकाळपर्यंतच टिकलं.

सकाळी गॅरेजात एक पिकअप आली, पुढच्या चाकाचा ब्रेक चिकटून तापलेली. मिस्त्रींनी चाक काढलं, बेअरिंगवरची लोखंडी टोपी उघडली, आणि आतलं ग्रीस पातळ होऊन तेलासारखं त्यांच्या मनगटावर ओघळलं. हे त्यांनी जन्मभर पाहिलंय. पण त्या दिवशी ते हातावरच्या ओघळाकडे बघतच राहिले. मग चाक तसंच टाकून माझ्याकडे आले. हात पुसायचंही भान नव्हतं.

"वैनी, ग्रीस वितळतंय," ते म्हणाले. "तापलं की वितळतंय. मला ठावं हाय की वो हे. मला ठावं हाय आन तरी मी लावलं."

मला आधी राग आला, मग त्यांच्या तोंडाकडे बघून तो विरून गेला. ओठ निळसर पडले होते. आता एवढ्या दिवसांत ते कुठे कुठे ओघळलं असेल, त्या बारीक तारांच्या पट्टीवर सांडलं असेल, आज दुपारी पत्र्याखाली लॅपटॉप तापला की उरलंसुरलंही उतरेल, मग चकती कोरडी, मग शंभर, मग बंद. हे सगळं ते एका श्वासात बोलले. मी म्हटलं, "अजून वेळ आहे. वर जा आणि तिला सांगा. जे काय करायचं ते ती करेल."

ते गेले, आणि जिन्यातूनच परत आले. यास्मिन नमाज पढून नुकतीच उठली होती, ओढणी नीट करत आरशात बघून स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती. परीक्षेतली उत्तरं असावीत. "आता सांगितलं तर तिचे हात कापतील," ते म्हणाले. "माझे बगा कसे कापत्यात. तिचे बी असेच झाले तर?"

हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, देव जाणे.

दुपार झाली. झुलेखाने पत्र्यावर ओली गोणपाटं टाकली. यास्मिनने दार लावायच्या आधी आम्हा तिघांना पुन्हा बजावलं, "काहीही झालं तरी आत यायचं नाही. कॅमेऱ्यात दुसरं कुणी दिसलं की परीक्षा बंद." मग तिने मिस्त्रींकडे पाहिलं आणि जरा मऊ आवाजात म्हणाली, "अब्बा, तुम्ही खाली जाऊन चहा घ्या ना."

"तो आकडा दिसत ऱ्हाईल ना तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही. परीक्षा सुरू झाली की बाकी सगळे प्रोग्रॅम बंद होतात. आकडापण."

दार लागलं. मिस्त्री तिथेच वरच्या पायरीवर बसले. मी गिरणी बंद ठेवून आले होते, मीही त्यांच्या खालच्या पायरीवर टेकले. या माणसाला मी काट्याकडे बघून घाबरताना शंभरदा पाहिलं होतं. काटाच नसताना तो किती घाबरतो, हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. निदान वाईट आकडा दिसला असता तरी त्याला धरून बसता आलं असतं. आता समोर नुसतं हिरव्या रंगाचं पत्र्याचं दार होतं.

राहिला आवाज. दाराखालच्या फटीतून लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज येत होता. आधी बारीक. मग वाढला, मग चांगलाच घोंघावायला लागला. मिस्त्रींनी डोळे मिटून मान फटीकडे झुकवली, गाडीचं इंजिन ऐकतात तशी. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. "वरडतंय," ते कुजबुजले. "वरडतंय तवर ठीक हाय." मी त्यांचा हात हातात घेतला. एरवी मी असं कधी केलं नसतं. हात बर्फासारखा गार होता, उन्हाळ्याच्या भर दुपारी. भीती अशी शेजारून लागते हे मला माहीत नव्हतं. झुलेखा जिन्याखाली उभी राहून दुआ मागत होती. पंखा ओरडत होता, आणि आम्ही तिघं त्या आवाजावर जगत होतो म्हटलं तरी चालेल.

मग तो थांबला.

हळूहळू नाही. एकदम. फटीतून काहीच येईना. कीबोर्डचा आवाज नाही, खुर्चीची कुरकुर नाही, काही नाही. मिस्त्रींनी डोळे उघडले. ते डोळे माझ्याकडे बघत होते, पण त्यांना मी दिसत नव्हते. काय दिसत होतं ते मला पक्कं माहीत आहे.

"मेलं," ते म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं आणि मनगट घट्ट धरलं. "मिस्त्री, थांबा, तिने सांगितलंय..."

त्यांनी माझा हात असा झटकला की मी भिंतीवर आदळले. दाराला आतून कडी घातलेलीच नव्हती. नुसतं लोटलेलं होतं, बापावरच्या विश्वासाने. ते धाडकन आत गेले, दोन पावलांत टेबलाशी पोचले, आणि काळ्या पडलेल्या बोटांचा तो पंजा त्यांनी सरळ लॅपटॉपवर ठेवला. आग विझवावी तसा.

मी मागोमाग दारात पोचले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"गार हाय!" ते ओरडले. "यास्मिन, गार हाय गं! कायबी झालं न्हाई, गार हाय!"

यास्मिन खुर्चीत तशीच बसली होती. दोन्ही हात अजून कीबोर्डच्या वर अधांतरी. स्क्रीन चालू होता. तिचा जड कामाचा भाग संपला होता, हे तिने मला नंतर सांगितलं, पुढे नुसते वाचून उत्तर निवडायचे प्रश्न होते, म्हणून पंखा निवला. ती वाचत होती. फक्त वाचत होती. आता स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत लाल चौकोन आला होता आणि त्यात इंग्रजीत दोन ओळी. मिस्त्रींना इंग्रजी येत नाही. पण लाल रंग त्यांना येतो.

त्यांचा हात लॅपटॉपवरून खाली आला. लाल चौकोन गेला, परीक्षाही गेली, आणि बंद झालेला तो आकडा कोपऱ्यात पुन्हा उमटला. एकोणसाठ.

"मी ग्रीस लावलं व्हतं," ते म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "बेअरिंगचं. तुला सांगितलं न्हाई. मला वाटलं वितळलं."

यास्मिनने हळूच हात मांडीवर घेतले. ती रडत नव्हती, रागावलेली तर दिसतच नव्हती. आणि मला वाटलं, हिने आता काहीतरी फेकावं, ओरडावं, बापाला चार शब्द सुनवावेत, म्हणजे त्याला श्वास तरी घेता येईल.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी ग्रीसचा वास आला होता. पिंपळे सौदागरच्या दुकानात नेऊन मी ते साफ करून घेतलं, नवीन लेपही लावून घेतला."

"मंग मला बोलली का न्हाईस?"

यास्मिनने बापाकडे पाहिलं.

"तुम्ही घाबरला असता, अब्बा."